पाटीवर न लिहिलेलं

अक्का, स्वामी तुझ्या कानाशी वाकले, मंत्र म्हणायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "महाराज, तिला ऐकू येत न्हाई!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझ्या भावजयीनं, सुमननं, माझा दंड धरला. स्वामी जरा थांबले, मान हलवली आणि पुन्हा वाकून मंत्र पुरा केला. मी मात्र खिशात पेन्सिल चाचपत होतो. खरंच चाचपत होतो. चार वर्षांची सवय. कुणी तुझ्याशी बोलायला लागलं की मी पाटी काढायची, त्याचं बोलणं लिहायचं आणि तुझ्यासमोर धरायचं. तुला समाधीसाठी बसवलेलं, कपाळभर भस्म, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलेलं, आणि तुझा भाऊ पेन्सिल हुडकतोय. लोक म्हणले असतील, मन्मथचं डोकं फिरलं. फिरलंच असंल.

आज पाचवा दिवस. अजून पटत नाही. सकाळी चहा ठेवताना सुमन दोनच कप काढते, मग तिसरा काढते, मग परत ठेवते. माझ्यावर खेकसते, "बघताय काय?" मी काय बघणार? मला दिसतो तो सोमवारच.

सोमवार म्हणजे तुझा महादेव. तू बेलाची पानं वाहून परत येत होतीस. मी दुकानाचं शटर अर्धं वर केलेलं. रस्त्याच्या पलीकडं तू उभी. तू डावीकडं बघितलंस, उजवीकडं बघितलंस. चहावाला शपथेवर सांगतो, अक्कानी दोन्हीकडं बघितलं. पण वाळूचा ट्रक तुझ्या पाठीमागच्या पेट्रोल पंपावरून मागं मागं येत होता आणि त्याला मागं डोळे नव्हते. चहावाला ओरडला, पंक्चरवाला ओरडला, मी ओरडलो. अक्का, सरक! अक्का, मागं बघ! गेवराईत कुणाला माहीत नाही गं तुला ऐकू येत नाही ते? तरी आम्ही सगळे जागेवर उभं राहून हाकाच मारत बसलो. पळत जाऊन हात धरायचं एकालाही सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

ट्रकचा ड्रायव्हर माझ्यासमोर बसून लेकरासारखा रडला. "हॉर्न दिला व्हता हो भाऊ. लई वेळ दिला." मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय करणार? तो खोटं बोलत नव्हता. हॉर्न मीही ऐकला.

सगळ्या बाजाराची अक्का होतीस तू. आप्पा गेले तेव्हा मी सातवीत, तू एकोणीस वर्षांची. भावकीतले म्हणले, पोरगी दुकानात बसली तर लग्न कोण करंल? तू म्हणलीस, "नका करू." आणि बसलीस. भांड्याच्या दुकानात पुरुषांनासुद्धा जे जमत नाही ते तुला जमायचं. घागर असो, तांब्या असो, कळशी असो, डाव्या हातावर तोलायचीस आणि बोटाच्या पेरानं एक टिचकी. ठण्ण वाजलं तर माल चोख. आवाज जरा बसका आला की भांडं बाजूला. "ह्याला चीर हाय." गिऱ्हाईक उलटसुलट करून बघायचं, त्याला काही दिसायचं नाही. मग पाणी भरून ठेवलं की तासाभरानं बुडाशी थेंब. घाटनांदूरहून लोक लग्नाची भांडी घ्यायला यायचे ते तुझ्या टिचकीसाठी. माझी फुशारकी सगळी तुझ्या जिवावर. मला तर आजही चिरलेली घागर ओळखता येत नाही.

मग पितळ गेलं, स्टील आलं, स्टीलच्या मागनं प्लास्टिक आलं. शेजारच्यानं काचेची खोली करून फोनचं बूथ टाकलं, वर पिवळा बोर्ड. प्लास्टिकच्या बादलीला तू टिचकी मारलीस तेव्हा ती नुसती थप् करून गप्प बसली. "मेली मुकी हाय," म्हणलीस, आणि आपण दोघं पोट धरून हसलो. त्याच वर्षी तुला ताप आला.

ताप उतरेना, पोटात दुखायचं, लघवीला जळजळ. बीडला नेलं. डॉक्टरांचं नाव मी इथं घेत नाही. चार वर्षं घेऊन घेऊन जीभ झिजली. त्यांनी रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट आला, पाकिटात घातला, आणि पाकीट न उघडताच चिठ्ठी लिहिली. एक इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. खाली एक ओळ, "त्रास झाल्यास लगेच भेटणे." बीडला रोज कुठं जायचं? म्हणून गावातल्याच कंपाउंडरकडं मी तुला लुनावर बसवून न्यायचो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या दहा दिवसांतल्या एका दिवसाबद्दल मला बोलायचंय. पण जरा थांब. मला थोडं चालत चालत तिथं जाऊ दे.

ताप गेला. अकराव्या दिवशी तू दुकानात आलीस, एक तांब्या उचललास, टिचकी मारलीस. पुन्हा मारलीस. मग दुसरा उचललास. मग तिसरा. सगळी फळी वाजवत सुटलीस आणि माझ्याकडं वळून केवढ्यांदा ओरडलीस, "मन्या, सगळी भांडी कावून मुकी झाली रे?"

रस्त्यावरची माणसं थांबली. मी हसलो होतो अक्का. मला वाटलं तू चेष्टा करतीस.

औरंगाबादच्या कानाच्या डॉक्टरनं तुला तपासलं, चिठ्ठी वाचली, पाकीट उघडून रिपोर्ट वाचला, आणि चष्मा काढून मला विचारलं, "ह्यांची किडनी अशक्त आहे असं इथं स्पष्ट लिहिलंय. हा रिपोर्ट असताना इतकं इंजेक्शन कुणी दिलं?" कानाची नस जळाली म्हणाले. आता परत ऐकू येणार नाही म्हणाले. मी तुला काय सांगावं म्हणून विचार करत होतो तर तू माझं तोंड बघूनच म्हणलीस, "असू दे. चल, गाडी चुकंल."

तेव्हा पेपरात येऊन गेलं होतं की आता डॉक्टरवरही ग्राहक मंचात दाद मागता येते. मी ते कात्रण कापून ठेवलं. तुला पाटीवर लिहून विचारलं, केस करू? तू ती अक्षरं वाचलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मग म्हणलीस, "मला त्यातलं काय नको मन्या. कान काय परत येणार न्हाईत. पण कुणीतरी एकदा म्हणावं, की बाई, माझं चुकलं. बास."

मी लिहिलं, "म्हणायला लावतो. लेखी."

तू ते वाचलंस आणि तळहातानं पुसलंस. तुझी सवयच तशी. वाचलं की पुसलं. कुणी पाटीवर वाईट लिहू दे नाहीतर चांगलं लिहू दे, एका क्षणाच्या वर तिथं राहू द्यायची नाहीस. सुमनशी तुझं भांडण व्हायचं तेव्हा ती बिचारी अर्धी पाटी भरून टोमणे लिहायची आणि तू वाचून, हसून, पुसून टाकायचीस. तिचं भांडणच खुंटायचं.

पण मी? मी लेखीच्या मागं लागलो. वकील, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, तारखा. सकाळची एसटी धरून बीड, आणि समोरच्या वकिलानं मुदत मागितली की परत. माझ्यासारखा बाजारातला माणूस किडनीवर बोलायला लागला. आष्टीचा एक व्यापारी मला "वकीलसाहेब" म्हणायचा, मला त्याचा राग यायचा नाही. घरी आलो की मंचात कोण काय म्हणलं ते तुला लिहून दाखवायचो. सगळं नाही दाखवायचो. आपल्या बाजूचं तेवढं.

आता पहिली गोष्ट ऐक, जी मी पाटीवर लिहिली नाही.

मागच्या वर्षी एका सोमवारी, तू महादेवाला गेलेली असताना, ते डॉक्टर आपल्या दुकानात आले. एकटेच. स्कूटर लांब लावून. मला वाटलं धमकी द्यायला आले, मी काउंटरच्या मागं उभा राहिलो. त्यांनी चप्पल बाहेर काढली. भांड्याच्या दुकानात कोण चप्पल काढतं गं? हात जोडले आणि म्हणाले, "माझं चुकलं. रिपोर्ट बघायचा राहिला माझ्याकडनं. मी ताईंना भेटून सांगू का?"

आपल्याला पाहिजे होतं ते एवढंच. ते चालत आपल्या दारात आलं होतं.

आणि मी म्हणलो, "मंचात सांगा."

"वकील तसं बोलू देत नाहीत हो."

"मग कशाला आलाव? इथं मला सांगून काय उपयोग?"

ते गेले नाहीत. तिथंच उभे. मग हळूच म्हणाले, "एक विचारू का? इंजेक्शन जास्त झालं की कानात आवाज यायला लागतो. पाचव्या-सहाव्या दिवशीच येतो. तेव्हा थांबवलं असतं तर बराच कान वाचला असता. म्हणून तर चिठ्ठीवर लिहिलं होतं. ताईंना आवाज आला असणार. त्या का नाही आल्या माझ्याकडं?"

अक्का, मी त्यांना हाकलून दिलं. अक्षरशः हाकलून दिलं. "निघा इथनं, चूक तुमची आणि खापर माझ्या बहिणीवर?" असं ओरडलो की शेजारचा बूथवाला काचेतून बघायला लागला. तू बेलाचं पान घेऊन आलीस तेव्हा मी घागरी पुसत बसलो होतो. "तोंड कावून पडलंय?" विचारलंस. मी पाटीवर लिहिलं, "डोकं दुखतंय." तू माझ्या कपाळाला भस्म लावलंस.

मी मनाला सांगितलं, अक्काला हे कळलं तर ती म्हणंल, झालं, म्हणलं की त्यांनी, आता केस काढून घे. मग एवढ्या खेपा गेल्या पाण्यात. असं सांगितलं मनाला. खरं कारण ते नव्हतं.

मग ती तारीख आली, तुझी साक्ष. मंचातले अध्यक्ष भले माणूस. म्हणाले, बाईंना ऐकू येत नाही, तर भावानं प्रश्न पाटीवर लिहून दाखवावा, पण शब्द बदलायचा नाही. मी मान हलवली. डॉक्टरांच्या वकिलानं इकडचं तिकडचं विचारलं, तू ठणठणीत आवाजात उत्तरं देत होतीस, टायपिस्ट दचकत होती. मग त्यानं चिठ्ठी हातात घेतली. "इथं लिहिलंय, त्रास झाल्यास लगेच भेटणे. कानात आवाज येतो हे तुम्ही त्या दहा दिवसांत कुणाला सांगितलं होतं का?"

तो प्रश्न मला लिहायचा होता. माझ्या हातानं. एक शब्द न बदलता. पेन्सिल दोनदा मोडली. लिहिलं आणि तुझ्यासमोर धरलं.

तू वाचलंस. वकिलाकडं बघितलं नाहीस, अध्यक्षांकडंही नाही. माझ्याकडं बघितलंस. टायपिस्ट थांबून राहिली. मग तू सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणलीस, "न्हाई. कुणालाच न्हाई सांगितलं. मला वाटलं उष्णता असंल. माझीच चूक."

आणि तळहातानं पाटी पुसलीस.

वकील हसला. आपल्या वकिलानं कपाळावर हात मारला. आणि मला काय वाटलं माहितीये? मला सुटल्यासारखं वाटलं. एवढा मोठा श्वास सुटला माझा. आणि बाहेर वऱ्हांड्यात येऊन मीच तुझ्यावर धावून गेलो. भरभर लिहिलं, "असं का बोललीस? केस बुडवलीस!" तू वाचलंस, पुसलंस. मी परत लिहिलं. तू परत पुसलंस. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा तू पाटीच माझ्या हातातनं काढून घेतलीस आणि पिशवीत टाकलीस.

बीडच्या स्टँडवर तू भजी घेतलीस, माझ्यापुढं धरलीस, मी तोंड फिरवलं. एसटीत तू तुझ्या त्या आवाजात म्हणलीस, "मन्या, रागावू नको बाबा," आणि अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. त्यानंतर पाटीवर मी तुला काय लिहिलं? दही आण. दुकानात बस. गॅसवाला आलता. पाच महिने, अक्का. पाच महिने मी तुझ्याशी दह्याशिवाय बोललो नाही. ऐकणाऱ्या माणसाशी धरलेला अबोला चारचौघांना कळतो, बहिऱ्या माणसाशी धरलेला अबोला फक्त त्याला एकट्यालाच कळतो. तुला रोज कळत होता.

आता इंजेक्शनचा तो दिवस सांगतो. तुला काय सांगायचा? तुला माहीतच आहे. पण मी तो कालपर्यंत कुणाला सांगितला नव्हता, सुमनला नाही, वकिलाला नाही, म्हणून एकदा मला सांगू दे.

पाचवा दिवस. संध्याकाळ. दुकानात गिऱ्हाईक, लग्नसराई, मला घाई. तू लुनावर माझ्या मागं बसलेलीस. म्हणलीस, "मन्या, कानात लई घुंई करतंय रे. सकाळपासनं. रातकिडा बसल्यावाणी. आज इंजेक्शन नको घेऊ का? बीडला जाऊन दाखवू का?"

आणि मी म्हणलो, "डॉक्टरपेक्षा तू शहाणी हायस का? अशक्तपणा हाय तो. गप बस."

तू गप बसलीस. त्या संध्याकाळचं इंजेक्शन घेतलंस आणि पुढचे पाच दिवसही घेतलंस. मी नेलं तुला. रोज दोनदा. तू पुन्हा कानाचं नाव काढलं नाहीस. माझा आवाज तू धडपणे ऐकलास तो त्या आठवड्यातच शेवटचा, आणि त्यातलं मला आठवतं ते हेच, गप बस.

चूक डॉक्टरांची होती. ती होतीच, आणि मी ती सोडणार नाही. पाकीट त्यांनी उघडायला पाहिजे होतं. पण चिठ्ठीवरची ती ओळ मी वाचली होती. मला वाचता येतं अक्का, पदवीधर केलंस तू मला. डॉक्टरांनी पाकीट उघडलं नाही आणि मी तुझं बोलणं. त्यांनी निदान चप्पल काढून येऊन सांगितलं. मी चार वर्षं एका घरात तुझ्या हातची भाकरी खाल्ली आणि सांगितलं नाही.

आणि तू म्हणालीस, "कुणीतरी एकदा म्हणावं." डॉक्टरनं म्हणावं असं म्हणलीच नव्हतीस. कुणीतरी म्हणलीस. आणि म्हणताना माझ्याकडं बघत होतीस. मी येडा लेखीच्या गोष्टी करत बसलो. पाच रात्री पडून पडून मला हेच आठवतंय. चीर ओळखायला तुला कान लागत होते असं मला वाटायचं. तुला कुठले लागतात? तू माझी केव्हाच ओळखली होतीस, फक्त गिऱ्हाइकासमोर बोलली नाहीस.

काल वकील येऊन गेले. म्हणाले, वारस म्हणून तुमचं नाव लावू, परवाची तारीख आहे, नुसती सही करा. मी म्हणलो, मला बोलायचंय. काय बोलायचंय विचारलं, मी सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. "मन्मथराव, हे सांगितलंत तर समोरचा वकील ह्याच्यावरच उभा राहील. गप्प राहा. बाईंनी स्वतः सांगितलंय ना, कुणाला सांगितलं नाही म्हणून? ते रेकॉर्डवर आहे." सुमन आतून ऐकत होती. ती बाहेर आली. मला वाटलं ती पण म्हणंल, झालं गेलं सोडा. ती म्हणली, "रेकॉर्डवर अक्कानी 'माझीच चूक' म्हणलंय. ते तसंच राहू देणार तुमी? मेलेल्या बाईच्या नावावर?"

वकिलांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

तर उद्या मी जाणार. सकाळचीच एसटी. अध्यक्षांना सांगणार, साहेब, माझ्या बहिणीनं ह्या खोलीत आयुष्यातलं एकच खोटं सांगितलं, ते खोडा. तिनं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी, लुनावर, मला. मग केसचं काय व्हायचं ते होऊ दे. डॉक्टर तिथं असतील तर त्यांनाही म्हणणार, तुम्ही दुकानात जे बोललात ते इथं बोला, मी माझं बोललोय. ते बोलतात का नाही, बघू.

तुझी पाटी पोलिसांनी पिशवीसकट परत दिली. एक कोपरा उडालाय, बाकी धड आहे. त्यावर माझंच अक्षर होतं, सोमवारी सकाळचं, "येताना दही." एवढं एकच तुझं पुसायचं राहिलं.

ते मी पुसलं. त्या जागी लिहिलं, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. अक्का, माझं चुकलं." पाटी तुझ्या जागेवर ठेवली, दुकानात, घागरींच्या फळीला टेकवून, तू बसायचीस त्या बाजूला तोंड करून.

तीन दिवस झाले. अजून कुणी पुसलेलं नाही.